मृत्युदरीतील मुक्काम

कॅलिफोर्नियाच्या पूर्व सरहद्दीवर, नेव्हाडा संस्थानाची हद्द लागण्यापूर्वी, पर्वतांच्या दोन ओळी एकमेकींना समांतर अशा उत्तर-दक्षिण धावतात, आणि त्यांच्या दरम्यान जे सखल, निर्जल, क्षारांनी पांढरे पडलेले खोरे पसरले आहे त्याला 'डेथ व्हॅली' अथवा मृत्युदरी असे नाव आहे. या खोऱ्याच्या पूर्वेकडील उतारावर, फर्नेस क्रीक या ठिकाणी, टेक्सस स्प्रिंग्ज नावाचा सरकारी तळ असून हिवाळ्यात तेथे तंबू ठोकून राहता येते. तळाच्या उंचीच्या रकान्यात आकडा नाही; तेथे केवळ 'समुद्रसपाटी' एवढेच लिहिलेले असते. ज्याचे बालपण कोकणच्या किनाऱ्यावर गेले आणि समुद्रसपाटी म्हटले की ज्याला ओल्या पुळणीचा वास येतो, त्या मला हा शब्द चार-पाच डोंगररांगांच्या पलीकडे, एका कोरड्या टेकाडावर भेटला, तेव्हा मी क्षणभर थबकलो. समोर खाली, काही मैलांवर, बॅडवॉटरचे मिठागर समुद्रसपाटीपेक्षा २८२ फूट खोल होते, आणि त्याच्याच पलीकडे पॅनामिंट पर्वतातील टेलिस्कोप शिखर ११,०४९ फूट उंचीवर फेब्रुवारीचे हिम मिरवीत उभे होते.

तंबूच्या मेखा त्या जमिनीत शिरेनात. वाळवंट म्हणताच आपल्या डोळ्यांपुढे वाळू येते, परंतु येथील भूमी बहुतांशी खडे, चुना आणि माती यांचा एकजीव झालेला थर आहे. मेखेवर दगड मारावा तर मेखच वाकते. अखेर माझ्याआधी येऊन गेलेल्या कोणी वर्तुळात मांडून ठेवलेले धोंडे मी उचलले आणि तणावे त्यांना बांधले. ते धोंडे एका बाजूने गुळगुळीत झाले होते. किती हातांनी ते असेच उचलले असतील, आणि ते हात कोणाकोणाचे असतील, या विचारातून पुढील मजकूर निघाला आहे.

आपल्या भाषेत 'मुक्काम' हा शब्द मोठा अर्थवाही आहे. पेशवे दप्तरातील पत्रावर तो येतो तेव्हा लष्कराचा एका रात्रीचा पडाव सांगतो, आणि खेडेगावच्या पत्त्यावर 'मु. पो.' असा येतो तेव्हा पिढ्यान्‌पिढ्यांचे घर सांगतो. मृत्युदरीचा इतिहास म्हणजे या दोन अर्थांमधील दीर्घ कज्जा आहे, असे मला वाटते.

ज्यांच्या दृष्टीने ही दरी दुसऱ्या अर्थाने मुक्काम होती ते लोक म्हणजे टिंबिशा शोशोनी. टिंबिशा हे नाव त्या भागातील तांबड्या गेरूवरून आले आहे. हा गेरू ते चेहऱ्याला लावीत आणि त्याला पवित्र मानीत. त्यांचे वर्ष दोन भागांत विभागलेले असे. हिवाळ्यात झऱ्यांच्या आश्रयाने ते दरीच्या तळाशी राहत. उन्हाळा तापू लागला की पॅनामिंटच्या उंच माळांवर चढून जात, आणि शरद ऋतूत तेथील पिनियन वृक्षांच्या शंकूंतून चिलगोज्यासारखी बी काढून साठवीत. तळाशी मेस्कीट नावाच्या काटेरी झाडांची बने होती. हे झाड आपल्या शमीच्या आणि माळरानावर माजलेल्या वेड्या बाभळीच्या कुळातले. त्याच्या शेंगा वाळवून, कुटून त्यांचे गोडसर पीठ होई, आणि तेच हिवाळ्याचे अन्न. ज्या भूमीला परके लोक मृत्यूचे नाव देऊन गेले, त्या भूमीत कोणत्या महिन्यात कोठे राहावे याची अशी निश्चित वहिवाट पूर्वीपासून होती. एवढेच की ती कोणत्याही सनदेवर लिहिलेली नव्हती.

१८४९ च्या हिवाळ्यात सोन्याच्या शोधार्थ कॅलिफोर्नियाकडे निघालेल्या गाड्यांचा एक तांडा सॉल्ट लेकच्या बाजूने दक्षिणेस चालला असता, जवळच्या वाटेचा एक कच्चा नकाशा त्यातील लोकांच्या हाती पडला. शंभरांवर गाड्या मुख्य वाट सोडून त्या नकाशामागे गेल्या. पैकी बहुतेक लौकरच परत फिरल्या. ज्या थोड्या पुढे रेटीत राहिल्या त्या नाताळच्या सुमारास फर्नेस क्रीकच्या ओढ्याने या दरीत उतरल्या. पश्चिमेस पॅनामिंटची भिंत आडवी होती आणि गाडीस वाट नव्हती. 'जेहॉकर' म्हणविणारी तरुणांची टोळी उत्तरेकडे वळली, आणि तिने आपल्या गाड्यांच्या लाकडावर आपल्याच बैलांचे मांस सुकवून पायी मार्ग धरला. बेनेट आणि आर्कन या कुटुंबांना, पदरी लहान मुले असल्याने, तेही शक्य नव्हते. ती दक्षिणेस एका पाणवठ्याजवळ तळ देऊन थांबली, आणि विल्यम लुईस मॅन्ली व जॉन रॉजर्स हे दोघे तरुण मदत आणण्यासाठी पायी निघाले.

या तळाचा विचार माझ्या मनातून जात नाही. सुमारे २५० मैल दूर, सॅन फर्नांडोच्या वस्तीपर्यंत ते दोघे चालत गेले. तेथून घोडे, एक खेचर आणि धान्य घेऊन परतले. वाटेतील कड्यापाशी घोडे सोडावे लागले, पण खेचर मात्र चढून आले. आणि या साऱ्यास २६ दिवस लागले. तेवढे दिवस त्या पाणवठ्यावर, आज येईल उद्या येईल अशा आशेने, कुटुंबे बसून होती आणि सोबतीचे बहुतेक पुरुष धीर सुटून निघून जात होते. मॅन्लीने ही हकीकत वृद्धपणी, १८९४ साली, पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. तीत तो सांगतो की दरी सोडून निघताना सामान टाकून देणे भाग पडले, तेव्हा श्रीमती आर्कन यांनी आपली उत्तमोत्तम वस्त्रे मागे टाकण्याऐवजी अंगावर चढविली आणि फितींनी सजविलेली टोपी डोक्यावर ठेवली. आणि सर्वांत धाकटी मुले जाड सदऱ्यांच्या झोळ्यांत बसून 'क्रम्प' नावाच्या म्हाताऱ्या बैलाच्या दोन्ही अंगांना लोंबत प्रवास करू लागली. कल्व्हरवेल नावाचा एक प्रवासी त्या दिवसांत दरीत मरण पावला. या साऱ्या लोकांपैकी दरीच्या तळाशी मृत्यू पावल्याची पक्की नोंद त्याच्या एकट्याचीच आहे. डोंगरमाथ्यावरून मागे वळून त्यांतील कोणी या दरीला मृत्युदरी म्हणून निरोप दिला, अशी परंपरा आहे. केवळ काही आठवड्यांच्या नाइलाजाच्या मुक्कामावरून एका मुलुखाला कायमचे नाव पडले. ज्यांची बाळंतपणे आणि बारशी तेथे झाली होती त्यांना कोणी विचारले नाही.

यानंतर तीस वर्षांनी ज्या द्रव्याने येथे माणसे पुन्हा आणली, ते आपल्या सोनाराच्या फळीवर नित्य असते. सोन्याचे सांधे झाळताना फुंकणीच्या ज्योतीपूर्वी ज्याची चिमूट टाकतात तो टाकणखार, आयुर्वेदातील टंकण, म्हणजेच बोरॅक्स. एके काळी हा क्षार तिबेटच्या सरोवरांवरून हिमालय ओलांडून हिंदुस्थानात आणि पुढे युरोपात जात असे, आणि व्यापारी जगात त्याला जे 'टिंकल' म्हणत त्या नावाच्या मुळाशी आपला 'टंकण' शब्दच आहे. १८८१ साली ॲरन विंटर्स आणि त्यांची पत्नी रोझी या पूर्वेकडील अॅश मेडोज येथे राहणाऱ्या दरिद्री दांपत्याने, एका वाटसरूकडून ऐकलेली खूण ध्यानात ठेवून, मृत्युदरीतील पांढऱ्या गोळ्यांवर रात्री आम्ल आणि मद्यार्क ओतून काडी लावली. ज्योत हिरवी पेटली. तो हक्क सॅन फ्रान्सिस्कोचा व्यापारी विल्यम टेल कोलमन याने २०,००० डॉलरांना घेतला आणि हार्मनी बोरॅक्स वर्क्स हा कारखाना उभारला.

हार्मनीचे अवशेष आजच्या तळापासून फार दूर नाहीत. बाहेर त्या प्रसिद्ध गाड्या ठेवल्या आहेत, त्यांच्या मागील चाकांची उंची ७ फूट. दोन मालगाड्या आणि मागे १,२०० गॅलन पाण्याची टाकी अशी सुमारे साडेछत्तीस टनांची रांग, १८ खेचरे आणि २ घोडे जुंपून, १६५ मैलांवरील मोहावे स्थानकापर्यंत १० दिवसांत नेत. जाहिरातींनी या खेचरांना अमर केले. ज्यांनी दलदलीतून तो क्षार हाताने खरवडून काढला त्या चिनी मजुरांना मात्र कोणी चित्रात घेतले नाही. रोज १ डॉलर ३० सेंट मजुरी, त्यातून अन्न आणि निवारा यांची वजावट, असा त्यांचा शिरस्ता होता. आणि ज्या १८८२ साली चिनी मजुरांना देशात प्रवेशबंदी करणारा कायदा अमेरिकेने संमत केला, त्याच्याच आसपास हा कारखाना त्यांच्या बळावर उभा राहत होता. भर उन्हाळ्यात द्रावणाचे स्फटिक बनेनासे होत, म्हणून काम बंद ठेवावे लागे. १८८८ मध्ये कोलमनचे दिवाळे निघाले आणि कारखाना थंडावला. मी तेथे गेलो त्या सकाळी कढईखालच्या भिंतीच्या विटा उन्हात सुटत चालल्या होत्या, आणि ज्या मिठागरावर ते मजूर वाकत असत तेथे त्यांच्या राहुट्यांचे काहीही शिल्लक नव्हते.

कोलमनची मिळकत फ्रान्सिस मॅरियन स्मिथ याच्या पॅसिफिक कोस्ट बोरॅक्स कंपनीकडे गेली, आणि याच कंपनीत तरुणपणी नोकरीस असलेल्या स्टीफन मॅदर याने वीस खेचरांच्या छापाची जाहिरात गाजविली. हाच मॅदर पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान खात्याचा पहिला संचालक झाला. जुन्या धन्याच्या लाभासाठी सरकारी अधिकार वापरला असा आरोप येऊ नये, म्हणून मृत्युदरीला संरक्षण देण्याचा प्रस्ताव मांडण्यास तो कचरला. मला त्याचा हा संकोच आदरणीय वाटतो. १९२७ च्या सुमारास कंपनीच्या खाणी दुसरीकडे हलल्या, रेल्वे आणि वसाहती रिकाम्या पडल्या, आणि तिने त्याच वर्षी फर्नेस क्रीकच्या वरच्या अंगास एक सुंदर पथिकाश्रम उघडला. त्याच्या काही महिने अगोदर बॉब आइखबॉम नावाच्या उद्योगी गृहस्थाने पश्चिमेकडून मोटारींसाठी टोलरस्ता काढून स्टोव्हपाइप वेल्स येथे आपले हॉटेल थाटले होते. वाळवंटातील मूळ पाण्याचा डबरा वाऱ्याने वाळूखाली गडप होई, म्हणून खूण राहावी यासाठी त्यात शेगडीच्या धुराड्याचा पत्र्याचा नळ रोवून ठेवीत. त्या नळाचे नाव गावाला मिळाले. तहानेने वाट शोधणाऱ्याची ती खूण आता सुट्टी घालविणाऱ्याचा पत्ता झाली.

मॅदरनंतर संचालकपदी आलेला होरेस ऑलब्राइट याच प्रदेशाचा सुपुत्र असल्याने त्याने हे काम तडीस नेले, आणि ११ फेब्रुवारी १९३३ रोजी, अधिकारपद सोडण्यास तीन आठवडे उरले असता, अध्यक्ष हूवर यांनी मृत्युदरीला राष्ट्रीय स्मारक ठरविणाऱ्या हुकुमावर स्वाक्षरी केली.

आता माझ्या त्या गुळगुळीत धोंड्यांकडे येतो. महामंदीने बेकार झालेल्या तरुणांना काम देण्यासाठी रूझवेल्ट यांनी १९३३ साली जे नागरी संरक्षक दल स्थापिले, त्याच्या पलटणी त्याच वर्षी येथे येऊन दाखल झाल्या आणि १९४२ पर्यंत राहिल्या. महिना ३० डॉलर तनखा, त्यातील २५ परस्पर घरी रवाना, असा त्यांचा करार होता. या मुलांनी सुमारे ५०० मैलांचे रस्ते सारखे केले, पाण्याचे नळ आणि टेलिफोनच्या तारा घातल्या, ७६ इमारती उभारल्या, पॅनामिंटमध्ये पायवाटा कोरल्या आणि प्रवाशांसाठी पाच तळ तयार केले. टेक्सस स्प्रिंग्जचा तळ त्यांच्याच हातचा. हिवाळ्यात दरीत आणि उन्हाळ्यात वर वाइल्डरोझला, असा त्यांच्याही छावण्यांचा क्रम होता. टिंबिशांनी अनुभवाने बसविलेली वहिवाट सरकारी पलटणीने नकळत उचलली.

या दलाच्या हातून आणखी एक गोष्ट झाली. फर्नेस क्रीकजवळ ४० एकरांच्या तुकड्यावर टिंबिशांसाठी कच्च्या विटांची घरे बांधली गेली. स्वतःच्या देशात त्यांना वस्ती म्हणून एवढी जागा मिळाली. पुढील दशकांत उद्यान खात्याच्या धोरणाने याही वस्तीचे अस्तित्व ओझे मानले. उन्हाळ्यात एखादे कुटुंब रिवाजाप्रमाणे डोंगरात गेले की त्याचे घर रिकामे समजून पाण्याच्या झोताने त्या मातीच्या भिंती विरघळवून टाकाव्यात, इथवर मजल गेली. ज्या दरीत वर्षाकाठी सरासरी दोन इंच पाऊस पडतो, तेथे घर पाडण्यासाठी पाणी वापरले गेले हे वाचले त्या रात्री मी माझ्या तंबूशेजारच्या नळाकडे पुन्हा पुन्हा पाहत होतो. उन्हाळ्यात घर सोडून वर जाणे हाच ज्यांच्या निवासाचा पुरावा, त्यांच्याविरुद्ध तोच पुरावा गैरहजेरी म्हणून मांडला गेला. यास अन्यायाखेरीज दुसरा शब्द मला सापडत नाही.

इकडे प्रवाशांच्या मुक्कामाला उत्सवाचे रूप येत होते. ३ डिसेंबर १९४९ रोजी, त्या चुकलेल्या तांड्याच्या शताब्दीनिमित्त, दरीत एक भव्य प्रसंगनाट्य झाले. निवेदन चित्रपट-अभिनेते जेम्स स्टुअर्ट यांचे होते, आणि त्या दिवशी आलेल्यांचा अंदाज लाखापर्यंत सांगतात. मोटारींची रांग मैलोगणती तुंबली. त्यातून जन्मलेल्या मंडळाने दरवर्षी नोव्हेंबरात येथे मेळाव्याची परंपरा चालविली. पूर्वजांनी ज्या मुक्कामातून जीव घेऊन सुटका करून घेतली, तो मुक्काम लोक आनंदाने पुनःपुन्हा करू लागले, यात काही गैर नाही. संकटाची जागा स्मरणाने आपलीशी करणे हा मनुष्यस्वभाव आहे.

माझ्या मुक्कामाच्या दुसऱ्या दिवशी मी गोल्डन कॅन्यनच्या वाटेने चढून गावर गल्चने उतरलो. साडेचार मैलांच्या आत-बाहेरचा हा फेरा पहाटे सुरू करावा. उष्ण ऋतूत तर सकाळी दहानंतर खालच्या प्रदेशात पायी हिंडूच नये असा खात्याचा सक्त इशारा असतो, आणि जेथे १० जुलै १९१३ रोजी १३४ अंश फॅरनहाइट, म्हणजे ५६.७ सेल्सियस, तापमानाची नोंद झाली तेथे तो अक्षरशः पाळावा. हळदीच्या रंगाच्या भिंतींमधून ती घळ वर जाते. तोंडाशीच पायाखाली काळ्या डांबराचे तुटलेले पापुद्रे दिसले, कडा खाली झुकलेल्या, खडीचा थर उघडा पडलेला. ही पायवाट पूर्वी मोटाररस्ता होता. फेब्रुवारी १९७६ मध्ये चार दिवसांच्या वादळी पावसात, जेमतेम सव्वादोन इंच पाण्याने, तो उखडून वाहून गेला, आणि खात्याने तो पुन्हा बांधला नाही. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटला. उतरताना गावर गल्चमध्ये टाकणखाराच्या जुन्या शोधकांनी खोदलेली काळी भुयारे पांढऱ्या टेकड्यांच्या कुशीत उघडी होती, आणि भर दुपार होण्यापूर्वीच त्यांच्या तोंडाची सावली नाहीशी झाली.

१९८३ साली टिंबिशा शोशोनींना संघराज्याने जमात म्हणून मान्यता दिली. ३१ ऑक्टोबर १९९४ रोजी मृत्युदरी राष्ट्रीय उद्यान झाली, तेव्हा त्याच कायद्यात जमातीसाठी भूमीचा विचार करावा असे कलम आले, आणि पॉलीन एस्टीव्हज यांच्यासारख्या वृद्ध स्त्रियांनी वर्षानुवर्षे धरलेल्या चिकाटीमुळे १ नोव्हेंबर २००० रोजी टिंबिशा शोशोनी स्वभूमी कायदा संमत झाला. सात हजारांहून अधिक एकर भूमी त्यांच्या नावे झाली. पैकी ३१४ एकर फर्नेस क्रीक येथे, उद्यानाच्या ऐन पोटात. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत मूळ रहिवाशांच्या स्वामित्वाची भूमी अशी मान्य होणे ही त्या देशात विरळा गोष्ट होती. एस्टीव्हज यांना 'मृत्युदरी' हे नावच मान्य नव्हते. ज्या भूमीने आपल्याला जगविले तिला असे नाव शोभत नाही, हे त्यांचे म्हणणे होते, आणि ते योग्यच होते.

ती वस्ती तळापासून पायी जाण्याइतक्या अंतरावर आहे. मी तिकडे गेलो नाही; ते कोणाचे घर आहे, प्रेक्षणीय स्थळ नव्हे. तिसऱ्या दिवशी सकाळी तणावे सोडले, धोंडे होते तसे वर्तुळात मांडून ठेवले आणि नळाचे पाणी बाटल्यांत भरून निघालो. अमेरिकेतील मराठी मंडळी थंडीच्या सुट्ट्यांत लॉस एंजेलिस आणि लास वेगास येथून मुलाबाळांसह तेथे जातात, म्हणून त्यांच्यासाठी एवढे लिहून ठेवतो. त्या २००० च्या कायद्यानुसार, जमातीला आपल्या परंपरागत विधींसाठी एकांत हवा असेल तेव्हा उद्यानाचा लहानसा भाग थोड्या काळापुरता इतरांना बंद करता येतो. अशी पाटी एखाद्या वाटेवर दिसली, तर कुरकुर न करता मागे फिरावे.